अलिबाग : खिडकीवरचं पार्सल सँडविच आणि कुलाब्याची ओहोटी

लेखक : किनारपट्टी

नमस्कार मंडळी,

अलिबागवरच्या धाग्यांमध्ये मासळीच्या थाळ्या, थंडीतली पोपटी, नागावच्या वाड्यांमधली घरगुती जेवणं या सगळ्यांची चर्चा भरपूर झाली आहे. सँडविचवर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जायचं तर थाळी चापून जाता येत नाही, आणि उपाशीही जाववत नाही. किल्ल्यात पोटभरीचं काही मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणजे गावातूनच काहीतरी बांधून न्यायला हवं. आणि बांधून न्यायला अलिबागमध्ये या सँडविचइतकं चांगलं दुसरं काही नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

दुकान म्हणजे एका जुन्या कौलारू घराच्या ओटीची रस्त्याकडची खिडकी. बसायला बाकडं नाही, पाटी नाही. आत एक काकू आणि त्यांचा मुलगा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शनिवार-रविवारची रांग आहे तीच आवरत नाही, नेटवर नाव टाकू नका, असं काकूंनीच सांगितलं आहे. बाजारपेठेत खिडकीवरचं सँडविच कुठे मिळतं म्हणून विचारलंत की लोक रस्ता दाखवतात.

तिथे पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जातो. "कधी खाणार?"

"आत्ताच, इथेच" म्हणालात तर सँडविच चिमट्यात घालून शेगडीवर भाजून मिळतं. "किल्ल्यावर नेणार" म्हणालात तर कितीही विनवण्या करा, भाजून देत नाहीत. गरम टोस्ट कागदात गुंडाळला की त्याचीच वाफ त्याला भिजवते आणि अर्ध्या तासात त्याची लादी होते. पार्सलचं सँडविच साधंच, आणि त्याची बांधणी वेगळी. ही बांधणी मी खिडकीशी उभा राहून नीट पाहिली आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

ब्रेडच्या दोन्ही कापांना बटर लागतं ते अगदी कडांपर्यंत, कोपरेसुद्धा सोडत नाहीत. बटर चवीसाठी आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चटणीचं पाणी ते ब्रेडमध्ये उतरू देत नाही. त्यावर हिरवी चटणी, कोथिंबीर-पुदिन्याची, डाळवं घालून इतकी घट्ट वाटलेली की सुरीवरून ओघळत नाही. मग खाली उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. मीठ आणि सँडविच मसाला काय तो या बटाट्यावर. काकडीवर मीठ भुरभुरलं की ती लगेच पाणी सोडते, म्हणून पार्सलमध्ये काकडीवर चिमूटभरही नाही. बटाट्यावर बीट, बिटावर कांदा, मग काकडी. टोमॅटो घालतात, पण आतला बियांचा गर काढून. वरचा काप ठेवून काकू तळहाताने एकदाच दाबतात, कापतात, बटर पेपरमध्ये घडी घालून रबर लावतात. वर्तमानपत्र वापरत नाहीत, छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधायला बंदी आहेच. स्वतःचा डबा नेलात तर डब्यात भरून देतात आणि ते त्यांना जास्त आवडतं.

कांद्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. हंगामात हा कांदा अलिबागचा पांढरा कांदा असतो. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भात कापून झालं की त्याच खाचरांमध्ये कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूला त्याची लागवड होते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला त्याच्या वेण्या टांगलेल्या दिसू लागतात. तिखटपणा कमी, गोडसर, कचकचीत. साध्या लाल कांद्याची चकती सँडविचमध्ये तासभर राहिली की बाकी सगळ्या चवींवर बसते. हा तसं करत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात जाल तर त्या सँडविचची खरी चव कळेल. पावसाळ्यानंतर साठवणीतला कांदा संपला की काकू लाल कांदा घालतात आणि तसं आधी सांगतात.

खायचं कुठे? माझी जागा सांगतो. किल्ल्यात शिरून सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यावं. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं हे देऊळ आहे, समोर पुष्करणी. मग उत्तरेच्या तटाकडे जावं. तिथे चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याच्या, अक्षरं अजून वाचता येतात. त्या तटाच्या सावलीत बसून खावं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून हा किल्ला घ्यायला आले आणि हात हलवत परत गेले, तो समुद्र समोर असतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, म्हणजे अगदी अखेरच्या काळात, किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून जे आरमार चालवलं त्यावर इथे स्वतंत्र धागे आहेतच.

पार्सल घेतल्यापासून तास-दीड तासात खाऊन टाका. उकडलेला बटाटा आहे, ऊन कोकणातलं आहे. मेयोनीज, चीजचे ढीग वगैरे इथे नाहीत आणि या हवेत ते नसलेलेच बरे.

कोकणातल्या इतर जुन्या गावांमधलं असं बांधून नेण्याजोगं खाणं तुम्हाला माहीत असेल तर जरूर लिहा.

———

प्रतिसाद

नागावची सून :
छान लिहिलंय. आमच्याकडे पाहुणे आले की पहाटे खिडकीवर फोन जातो. एक भर घालते. पांढरा कांदा घरी नेणार असाल तर वेणी घ्या, सुटा घेऊ नका. वेणी हवेशीर जागी टांगली की कांदा टिकतो, पिशवीत ठेवला की कोंब येतात. आणि घेताना विचारून घ्या, हंगामात बाहेरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून रस्त्यावर विकला जातो. आपला कांदा आकाराने मध्यम आणि जरा चपटा असतो.

ठाणेकर_सायकलस्वार :
मी गेल्या महिन्यात गेलो होतो, पण अनुभव तितकासा चांगला नाही. रविवारी सकाळी पाऊण तास रांगेत उभा होतो. टोस्ट हवा होता, किल्ल्यावर नेणार म्हटल्यावर सरळ नाही म्हणाले. पैसे देणारं गिऱ्हाईक आहे, त्याला हवं तसं द्यायला काय हरकत आहे? चव चांगली होती, हे मान्य.

किनारपट्टी :
@ठाणेकर_सायकलस्वार, रांगेचा त्रास खरा आहे. खिडकीत दोनच माणसं आणि प्रत्येक सँडविच मागणीप्रमाणे बनतं, आधी करून ठेवलेला ढीग नसतो. सुट्टीच्या दिवशी उघडताक्षणी जा, नाहीतर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा.
टोस्टच्या बाबतीत मात्र मी काकूंच्या बाजूने आहे. किल्ल्यावर जाऊन तुम्ही लगदा खाल्ला असतात, तर नाव त्यांचंच खराब झालं असतं. स्वतःच्या हातचं खाणं कोणत्या अवस्थेत दुसऱ्याच्या तोंडात जातंय याची काळजी करणारं दुकान आज किती ठिकाणी सापडतं? टोस्टच खायचा असेल तर किल्ल्यावरून परत आल्यावर खिडकीशी उभ्याने खा. शेगडीच्या निखाऱ्यावरची किंचित करपलेली कड वीजेच्या ग्रिलला येत नाही.

दर्यावर्दी :
धाग्याच्या नावात ओहोटी आहे आणि मजकुरात तिची वेळ कशी काढायची ते नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी आहे.

तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, आणि पहाटेही तीनलाच. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता खरी गोष्ट. पुष्कळ लोक अष्टमी बघून येतात, कारण आठ पाऊणे सहा, म्हणजे ओहोटी बरोबर दुपारी बाराला, सोयीची वेळ. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वाटेत गुडघाभर पाणी राहतं. पुनव-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब मागे जातं, वाट कोरडी होते. पण ऐन पुनवेला ओहोटी सकाळी-संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. म्हणून पुनव किंवा अमावस्या झाल्यावर तृतीया-चतुर्थी धरावी. ओहोटी सकाळी आठ-साडेआठ ते नऊ, ऊन कोवळं, वाट बऱ्यापैकी मोकळी. संध्याकाळ हवी असेल तर त्रयोदशी, पावणेचारच्या आसपास ओहोटी.

ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघा. पाणी फिरलं की तासाभरात परत या. ही मोजदाद अंदाजाची आहे, निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचाराच. ते रोज त्या वाटेवर असतात.

पाणी पुढून येताना दिसतं असं लोकांना वाटतं. इथे ते बाजूच्या खोलगट भागातून आधी भरतं. समोरची वाळू कोरडी दिसत असते आणि मधल्या पट्ट्यात मांडीभर पाणी झालेलं असतं. गेल्या दिवाळीत एक कुटुंब तटावर फोटो काढत बसलं, लहान मुलं बरोबर, आणि पाणी आल्यावर घाबरून गेलं. अशा वेळी पाण्यात उतरू नये. वर किल्ल्यात थांबावं, होडीची सोय होते का बघावं, नाहीतर सरळ पुढच्या ओहोटीची वाट पाहावी. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, सावली आहे, काही होत नाही.

किनारपट्टी :
दर्यावर्दी, मनापासून आभार. तिथीचा हिशोब मूळ लेखात घालायला हवा होता इतका मोलाचा आहे. संपादकांना विनंती करतो की हा प्रतिसाद वर चिकटवावा.

पाटावरवंटा :
चटणी घट्ट होण्यासाठी डाळवं किती? मी घरी करते तेव्हा दुसऱ्या दिवशी चटणी काळपट पडते. आणि ब्रेड कुठला वापरतात?

नागावची सून :
@पाटावरवंटा, मी काकूंना विचारून घेतलंय. मोठी जुडी कोथिंबीर, त्याच्या पावपट पुदिना, दोन-तीन मिरच्या, दोन मोठे चमचे डाळवं, जिरं, लिंबू, मीठ. पाणी घालायचंच नाही, वाटताना अडलं तर बर्फाचा एक खडा. मिक्सर सलग फिरवला की चटणी तापते आणि काळी पडायला लागते, म्हणून थांबून थांबून फिरवायची. लिंबू वाटतानाच पिळायचं, त्यानेही रंग टिकतो. काकू चटणी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवतच नाहीत, रोज सकाळी ताजी.
ब्रेड गावातल्या बेकरीचा, आदल्या दिवशीचा. अगदी ताजा ब्रेड सुरीखाली चेंगरतो आणि भाज्यांचं वजन त्याला पेलत नाही.

इस्राएल आळी :
माझं बालपण त्याच बाजूला गेलं, म्हणून राहवलं नाही. किल्ल्यावरून परतल्यावर थेट गाडीत बसू नका. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे, चालत होण्यासारखी. पुढे इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, १८४८ सालचं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची वस्ती अलिबागच्या आसपासच्या गावांमध्ये शतकानुशतकं होती. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आता बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, थोडी उरली आहेत. ते चालतं प्रार्थनास्थळ आहे, तेव्हा परवानगी विचारून आत जावं, आणि खाणं बाहेर ठेवून.

समुद्राजवळची चुंबकीय वेधशाळाही पाहा, निदान बाहेरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा भागातल्या वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींमध्ये अडथळा येणार होता. त्यासाठी हे काम १९०४ पासून अलिबागला आणलं. इमारतीत लोखंड लागू नये याची काळजी घेतलेली आहे.

वाटेवरचा :
मी वेगळं मत मांडतो. असे धागे काढूच नयेत. मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२० नंतर, मुंबईहून गाडी घेऊन येणं इतकं सोपं झालंय की शनिवारी गावातून चालायला जागा नाही. काकूंनी नाव टाकू नका सांगितलं, तुम्ही नाव सोडून बाकी सगळं टाकलंत. शोधणारे शोधतीलच. आणि मागच्या खेपेला किल्ल्याच्या तटात बटर पेपर आणि बाटल्या खुपसून ठेवलेल्या पाहिल्या. तो कचरा भरतीला समुद्रातच जातो.

किनारपट्टी :
@वाटेवरचा, तुमचं म्हणणं मला लागलं, आणि मी लिहिण्यापूर्वी यावर विचार केला होता. धागा टाकण्याआधी मजकूर काकूंच्या मुलाला वाचून दाखवला. नाव आणि नेमका पत्ता सोडून बाकी लिहायला त्याची हरकत नव्हती, उलट "किल्ल्यावर नेणाऱ्यांनी डबा आणावा हे ठळक लिहा" असं त्यानेच सांगितलं. तर पुन्हा लिहितो. डबा न्या. बटर पेपर आणि रबर खिशात घालून परत आणा. किल्ल्यात देऊळ आहे, दर्गा आहे, पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथल्या दगडांच्या फटी कचरा खुपसायला नाहीत. अंड्याचं सँडविचही खिडकीवर मिळतं, ते वर न नेता किनाऱ्यावर बसून खा.
लोक येणारच आहेत. आलेल्या माणसाने महामार्गावरच्या साखळी दुकानातला बर्गर खाण्यापेक्षा गावातल्या घरातलं, गावच्या कांद्याचं खावं, एवढ्यासाठी मी लिहिलं.

दर्यावर्दी :
वाटेवरचा यांचा मुद्दा बरोबर आहे. जाळ्यात प्लॅस्टिक येतं ते आम्हालाच निस्तरावं लागतं. पण धागा काढल्याने कचरा होत नाही, सांगितल्याने थोडा कमी होतो.

चौल_रेवदंडा :
धागाकर्त्याने इतर गावांचं विचारलं म्हणून. हेच पार्सल घेऊन आम्ही रेवदंड्याला जातो, सतरा-अठरा किलोमीटर. तिथे भरती-ओहोटीची घाई नाही. पोर्तुगीजांचा कोट आहे, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला तोवर दोनशे वर्षं त्यांच्याकडे होता. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, पडक्या चर्चच्या भिंती, सातखणीचा उरलेला मनोरा. सावली भरपूर. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांना कुलाब्यापेक्षा हे सोयीचं. फक्त आतल्या वाड्या खाजगी आहेत, विचारून बसा.

लेकीची_आई :
आई बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण कुलाब्याच्या गणपतीला जायची फार इच्छा आहे. जमेल का? आणि त्यांना कच्चा कांदा चालत नाही.

किनारपट्टी :
@लेकीची_आई, जमेल. ओहोटीला किनाऱ्यावरून घोडागाडी किल्ल्याच्या जवळपर्यंत नेते. गाडीत चढताना पायरी उंच असते, कुणीतरी हात द्यायला हवा. दरवाज्याशी ओबडधोबड दगड आणि थोडा चढ आहे, ओलसर असेल तर शेवाळाने घसरतं, तेव्हा चपलेऐवजी पकड असलेले सँडल घालू द्या. आत देवळापर्यंतची वाट बरी आहे. दर आधी ठरवून घ्या आणि परत आणायला तीच गाडी किती वाजता येईल तेही. उधाणाच्या दिवसांतली सकाळची ओहोटी निवडा, वर दर्यावर्दींनी सांगितलंय तशी.
कांद्याशिवाय सँडविच करून देतात, त्याऐवजी बटाटा-बीट जास्त घालतात. आईंसाठी कडा काढून मागा, चावायला मऊ.

पाटावरवंटा :
नागावची सून, या रविवारी चटणी केली. बर्फाच्या खड्याने खरंच फरक पडला, संध्याकाळपर्यंत हिरवीगार होती. मुलीच्या डब्यातलं सँडविच दुपारपर्यंत ओलं झालं नाही. काकडीवर मीठ न घालण्याचं मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

ठाणेकर_सायकलस्वार :
पावसाळ्यात चालू असतं का? जुलैमध्ये सायकलने यायचा विचार आहे.

किनारपट्टी :
खिडकी पावसाळ्यातही चालू असते, फक्त फार झोडपलं तर दुपारनंतर बंद. पण जुलैमध्ये किल्ल्यावर चालत जायचा बेत ठेवू नका, समुद्र खवळलेला असतो आणि ओहोटीचा वर दिलेला हिशोब तेव्हा धरायचा नाही. गेटवेहून मांडव्याच्या लाँचही त्या दिवसांत बंद असतात, रो-रो हवामान बघून सोडतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. वडखळमार्गे सायकलने येणार असाल तर पहाटे लवकर निघा, रस्त्यावर अवजड वाहनं फार असतात. आणि पोचलात की काकूंना "आत्ताच, इथेच" सांगा. टोस्ट मिळेल.